पाऊल कुठून मोजायचं

नळदुर्गकर काका बास्केटबॉलच्या मैदानात शिरले तेव्हा सामना संपायला अठ्ठावन्न सेकंद उरले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पायात चपला, हातात नातीची पाण्याची बाटली, आणि ते तडक रेफरीसमोर जाऊन उभे राहिले.

"साहब, कौनसे रूल के तहत?"

मी माझ्या मुलीचा व्हिडिओ काढत होते. तो तसाच चालू राहिला आणि मी तोंडावर हात ठेवला.

झालं होतं ते असं. नारायणगुड्यातल्या एका शाळेच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. काकांची नात मृण्मयी आणि माझी मुलगी एकाच संघात. आम्ही एका गुणाने मागे होतो. मृण्मयीने चेंडू आपटत आपटत अर्ध्या मैदानातून आणला, दोन मुलींच्या मधून वाट काढली, पावलं टाकली, उडी मारली आणि चेंडू जाळीतून खाली आला. आम्ही सगळे आईबाप ओरडत उठलो. पण त्याआधीच शिट्टी वाजली होती. रेफरीने दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल फिरवल्या, रिळावर दोरा गुंडाळावा तशा. बास्केट रद्द. चेंडू समोरच्या संघाला.

"ट्रॅव्हलिंग है अंकल," रेफरी म्हणाला. चाळिशीचा, शांत माणूस होता. "आप बाहर बैठो."

"ट्रॅव्हलिंग म्हणजे?" रागाच्या भरात काका मराठीत शिरले. "पोरगी धावली, चेंडू जाळीत गेला. यात गुन्हा काय झाला ते सांगा!"

समोरच्या संघाच्या मुली हसायला लागल्या. आमच्या कोच भाग्यलक्ष्मी मॅडम धावत आल्या, त्यांनी काकांचा कोपर धरला आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आल्या. सामना पुढे सुरू झाला आणि आम्ही त्या एका गुणानेच हरलो.

परत येताना एका ऑटोत आम्ही चौघं. मृण्मयी बाहेर बघत होती. बरकतपुऱ्याच्या सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा तिने तोंड उघडलं.

"आजोबा, तुम्हाला रूल माहितीये का?"

"नाही."

"मग फाइट कशाला केलात?"

काकांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"सगळे हसू लागले होते," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत पुन्हा बोलली नाही.

काकांना ओळखणाऱ्या माणसाला हे खरं वाटलं नसतं. आम्ही पुण्याहून इथे आलो त्याला आता सहा वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी गच्चीबावलीला, पण मुलीची शाळा जवळ पडावी म्हणून घर बरकतपुऱ्यात घेतलं. वरच्या मजल्यावर नळदुर्गकर. त्यांचे पणजोबा निजामाच्या काळात नळदुर्गाहून इथे नोकरीला आले, आजोबा आणि वडील उर्दूत शिकले, आणि काका स्वतः कोर्टात पेशकार म्हणून छत्तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. जज्जसाहेबांच्या हातात फाइल द्यायची, ती नेमक्या पानावर उघडून. छत्तीस वर्षांत चुकीचं पान एकदाही उघडलं नाही, असं ते अभिमानाने सांगतात. इमारतीत कुणाचा भाडेकरार असो, कुणाची इन्शुरन्सची पॉलिसी असो, कागद काकांकडे जातो. चष्मा कपाळावर चढवून ते तो वाचतात आणि बोट ठेवून म्हणतात, "हे बघा. वाचलं की कळतं."

मुलगा अमेय आणि सून प्रिया दोघंही आयटीत, त्यामुळे मृण्मयीची संध्याकाळ आजीआजोबांकडे. ती बास्केटबॉल खेळायला लागल्यापासून काका रोज तिला मैदानावर नेत, कडेच्या बाकावर बसून पेपर वाचत. खेळाकडे त्यांनी दीड वर्षात कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी नेमका पेपर संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका.

"सुप्रिया, तुझ्याकडे प्रिंटर आहे नं?"

मी त्यांना बास्केटबॉलची नियमावली छापून दिली. शंभरएक पानं होती. "सगळी नकोत," मी म्हटलं, "ड्रिबलिंग आणि ट्रॅव्हलिंग एवढीच काढू का?" तर म्हणाले, "अर्धा कायदा वाचू नये." दोन दिवस ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. कागदांना कोपऱ्यात दोरा ओवलेला, लाल पेन्सिलीच्या खुणा आणि समासात बारीक, मोत्यासारखं अक्षर.

"ड्रिबलिंग कळलं," ते म्हणाले. "चेंडू हातात घेऊन चालता येत नाही. पुढे जायचं तर तो जमिनीवर आपटत जायचं. आपटणं चालू आहे तोवर पावलं कितीही टाका, हिशेब नाही. पण दोन्ही हात एकदम चेंडूला लागले, किंवा चेंडू हातात विसावला, की ड्रिबल संपली. एकदा संपली की पुन्हा सुरू करायची नाही. केली तर डबल ड्रिबल. मग फक्त पास द्यायचा नाहीतर बास्केट मारायची. सरळ आहे."

"मग अडलं कुठे?"

"ट्रॅव्हलिंगमध्ये." त्यांनी पान उलटलं. "उभ्या उभ्या चेंडू झेलला तर एक पाय खिळून ठेवायचा. दुसरा फिरवा हवा तेवढा. हेही कळलं. पण धावत असताना चेंडू हातात घेतला तर दोन पावलं चालतात. बरं. दोन. पण मृण्मयीच्या फोनवर मोठमोठे खेळाडू पाहिले, ते तीन टाकतात! सरळ तीन, आणि कुणी शिट्टी वाजवत नाही. आणि हे ऐक, चेंडू घेऊन माणूस पडला आणि घसरत गेला तर चालतं. पण पडल्यावर चेंडू धरून उठायचा प्रयत्न केला तर गुन्हा. घसरलेलं चालतं, उठलेलं चालत नाही! हा कुठला न्याय?"

उषाकाकू आतून आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, पण पहिलं पाऊल कुठलं, ते आधी ठरलंय का?"

"म्हणजे?"

"चेंडू हातात आला तेव्हा एक पाय जमिनीवर असणारच की. धावताना माणूस तरंगत तर नसतो. मग तो पाय मोजायचा की पुढचा पडेल तो?"

खुर्च्या भिंतीला लागल्या. हॉलच्या मधोमध काका मृण्मयीचा चेंडू घेऊन उभे, काकू सोफ्यावर पंच, आणि मी दारात. सहासष्ट वर्षांचा माणूस बनियन आणि लेंग्यात चेंडू आपटत टीव्हीकडे निघाला, चेंडू दोन्ही हातांत घेतला, डावा पाय, उजवा पाय, आणि थांबला.

"दोन," ते म्हणाले.

"तीन," काकू म्हणाल्या.

"उषा, दोन!"

"चेंडू धरलात तेव्हा उजवा पाय खालीच होता. उजवा, डावा, उजवा. तीन."

पुन्हा केलं. या वेळी मला दोन वाटली, काकूंना तीन, आणि काकांना आठवेना आपण चेंडू नक्की कधी धरला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी धबधब कसली म्हणून विचारायला आलं, तेव्हा तो प्रयोग थांबला.

उत्तर नियमावलीतच होतं. चेंडू ताब्यात येताना जो पाय जमिनीवर आहे तो मोजायचा नाही. त्यानंतर पडतो तो एक, मग दोन. त्या न मोजलेल्या पावलाला खेळाडू झीरो स्टेप म्हणतात, असं मृण्मयीने फोनमधून डोकं न काढता सांगितलं. ती अजून त्यांच्याशी मोजकंच बोलत होती. काकांचा चेहरा उजळला. मग तीन पावलं म्हणजे दोनच! ते तसेच संध्याकाळी मैदानावर गेले आणि भाग्यलक्ष्मी मॅडमना कागद दाखवला.

मॅडम पन्नाशीच्या. तरुणपणी रेल्वेकडून खेळलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि पिशवीतून एक जुनी, पिवळी पडलेली पुस्तिका काढली. त्या खेळायच्या तेव्हाची. तिच्यात झीरो नव्हताच. चेंडू धरताना जो पाय जमिनीवर, तिथूनच मोजणी.

"अंकल, हम तो ऐसाइच सीखे," त्या म्हणाल्या. "वो नया रूल दो हजार सत्रा में आया. मेरेकू मालूम है. मगर मेरे पाँव को नै मालूम."

"आणि मुलींना काय शिकवता?"

"मुँह से नया बोलती. करके दिखाती तो पुराना हो जाता."

काकांनी दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवले. कायद्यात दुरुस्ती होते, हे त्यांना नवं नव्हतं. दुरुस्तीच्या आधीचा खटला असेल तर जुनं कलम, नंतरचा असेल तर नवं. पण इथे तारीख नंतरची, आरोपीचे पाय जुन्या कलमाने शिकलेले आणि न्यायाधीश कुठलं कलम लावतो कुणास ठाऊक.

"आप बॉल देखते ना अंकल? सब लोगाँ बॉल देखते," मॅडम म्हणाल्या. "नक्को देखो. पाँव देखो."

तो सगळा आठवडा काकांनी पाय पाहिले. बाकावर पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपर टेकवून. बूट, मोजे, एकीच्या सुटलेल्या नाड्या. आणि शनिवारी मला म्हणाले, "सुप्रिया, पाय तर दिसायला लागले. पण आता चेंडू केव्हा धरला ते दिसत नाही! चेंडूकडे पाहावं तर पाय निसटतात. दोन्ही एका क्षणात पाहायचं. कसं?"

मला काय माहीत? मी इतके दिवस फक्त गुण कुणाचे किती एवढंच बघत होते. त्यांच्यामुळे मीही पाय बघायला लागले आणि माझाही घोळ झाला. माझीच मुलगी दर दुसऱ्या वेळी चुकतेय असं वाटायला लागलं.

मग मला त्या व्हिडिओची आठवण झाली. फोनमध्ये तो पडून होता. मॅडमनी तो हळू करून पाहिला. एकदा, दोनदा. मग मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "ये झीरो. ये एक. ये दो. बास्केट थी अंकल! सही बास्केट थी."

काका उठून उभे राहिले. इतका ताठ माणूस मी मैदानावर पाहिला नव्हता.

"तो रेफरी कुठे भेटतो?"

रेफरीचं नाव किशोर. नामपल्ली स्टेशनवर पार्सल ऑफिसात नोकरी, रविवारी रेफरीचं काम. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कागदांची फाइल घेतली आणि मलाही चल म्हणाले. व्हिडिओ तुम्हाला पाठवते, असं मी म्हटलं तर हात हलवत म्हणाले, "नको नको. मूळ प्रत पाहिजे."

किशोर दुपारच्या सुट्टीत बाहेर आला. काकांना त्याने लगेच ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आम्ही स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. त्याने फोन हातात घेतला आणि तो तुकडा चार वेळा पाहिला. भाग्यलक्ष्मी मॅडमची मोजणी सांगून काका उस्मानिया बिस्किटाला हात न लावता त्याच्याकडे बघत होते.

"मॅडम बराबर बोले," किशोर म्हणाला. "यहाँ से गिने तो बास्केट है."

"मग?"

"मगर यहाँ से कायकू गिनना?" त्याने बोटाने चित्र थोडं मागे ढकललं. "ये देखो. हाथ बॉल के नीचे आ गया. बॉल हथेली पे बैठ गया. ड्रिबल इधरिच खतम. अब गिनो."

आम्ही मोजलं. झीरो, एक, दोन, तीन.

काकांनी फोन घेतला. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. हात चेंडूखाली आला होता की बाजूला होता? नेमकं तिथेच माझ्या मुलीचा कोपर आडवा येत होता. मी तिचाच व्हिडिओ काढत होते ना! ती मधे होती, आणि मृण्मयीचा हात तिच्या कोपराआड गेला तेव्हा एका जागी होता, बाहेर आला तेव्हा दुसऱ्या. मधलं कुणालाच दिसणार नव्हतं.

"तुम्हाला त्या दिवशी हे दिसलं होतं?" काकांनी विचारलं. "हात खाली आलेला?"

किशोरने चहाचा घोट घेतला. खोटं बोलला असता तर चाललं असतं. आम्हाला कळलंही नसतं.

"सच बोलूँ अंकल? नै. मेरेकू लगा ज्यादा चली. बजा दिया."

"लगा?"

"आधा सेकंद मिलता. उसमें सीटी मुँह में है, हवा निकल जाती."

"पण कारण?"

"कारण बाद में मिलता."

छत्तीस वर्षं काकांनी निकाल पाहिले होते. आधी कारणं, पानामागून पानं, आणि सगळ्यात शेवटी निकाल. त्यांनी फाइल बंद केली. मला वाटलं आता पुन्हा भडकणार. ते म्हणाले, "मैं ग्राउंड पे आया वो गलत था. बच्ची के सामने. माफ करो."

किशोर ओशाळला. त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. मग त्याचं लक्ष फाइलवरच्या अक्षराकडे गेलं. त्याने ती उघडून दोन पानं पाहिली. "ये आप लिखे? अंकल, स्कोअर टेबल पे बैठते क्या? हमारेकू लिखनेवाला आदमी नै मिलता. सब मुर्गी के पाँव निकालते."

काका टेबलावर बसायला लागले ते असे. गुणपत्रक त्यांना एका दिवसात जमलं. पहिल्या आणि तिसऱ्या भागाला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बास्केटला तिरपी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर. तिथे शंका नव्हती. रेफरी हाताने खूण करतो, काका लिहितात. घरी येऊन काकूंना पत्रक दाखवत. मृण्मयीच्या मैत्रिणी त्यांना "स्कोअर आजोबा" म्हणायला लागल्या आणि मृण्मयी त्यांच्याशी पुन्हा नीट बोलायला लागली. मला वाटलं, संपला प्रश्न.

डिसेंबरात हिमायतनगरच्या एका संघाबरोबर सरावाचा सामना ठेवला होता. किशोर येणार होता. गाडीला उशीर झाल्यामुळे पार्सलं उतरायची राहिलीत, अर्धा तास लागेल, असा त्याचा फोन आला. मुली घामाघूम होऊन तयार उभ्या. भाग्यलक्ष्मी मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी काढली.

"अंकल, दस मिनट."

"मैं? नै नै."

"पूरी रूलबुक किसने पढ़ी? मैं तो नै पढ़ी."

काकांनी शिट्टी रुमालाने पुसली. चपला काढून बाकाखाली ठेवल्या आणि अनवाणीच मैदानात गेले. पहिली दोन मिनिटं शिट्टी वाजलीच नाही. ते खेळाबरोबर मागेपुढे चालत होते, मान खाली, मग वर, मग खाली. हिमायतनगरच्या एका मुलीने चेंडू थांबवून पुन्हा आपटायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मुलींनी "डबल, डबल!" म्हणून ओरडा केला. काकांनी होकारार्थी मान हलवली, पण शिट्टी वाजवायचं विसरले. मॅडमनी कपाळावर हात मारला.

मग मृण्मयीला चेंडू मिळाला. उजवीकडून निघाली, समोरच्या मुलीला चकवलं, चेंडू उचलला, पावलं टाकली, आणि शिट्टी वाजली. इतकी मोठी वाजली की कडेच्या झाडावरचे कावळे उडाले. काकांच्या दोन्ही मुठी गोल फिरत होत्या. आपल्या मुठी फिरतायत हे त्यांना मुठी दिसल्यावर कळलं असावं, असा त्यांचा चेहरा होता.

सगळ्या मुली थांबल्या. मृण्मयी चेंडू पोटाशी धरून त्यांच्यापुढे आली.

"आजोबा, कुठला पाय?"

काका तिच्या बुटांकडे बघत राहिले. जणू बूटच सांगतील.

"माहीत नाही," ते म्हणाले. "जास्त झालं असं वाटलं."

"वाटलं?"

"हो."

मला वाटलं, ती रडणार, नाहीतर चेंडू फेकून देणार. मुली हसतील आणि पुन्हा तो ऑटोतला अबोला. मृण्मयीने एकदा मॅडमकडे पाहिलं. मॅडम मुद्दाम बुटाची नाडी बांधत होत्या. मग तिने चेंडू आजोबांच्या हातात दिला, म्हणजे व्यवस्थित दिला, दोन्ही हातांनी, आणि बचावासाठी मागे पळाली.

काका तसेच उभे. चेंडू पुढे कुणाला द्यायचा हेही सुचेना. "अंकल, उनकू दो, साइड से," मॅडम ओरडल्या, तेव्हा ते भानावर आले.

किशोर आल्यावर त्यांनी शिट्टी परत दिली आणि टेबलावर येऊन बसले. पेन हातात घेतलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सुप्रिया, ती चुकली होती का गं?"

"मला माहीत नाही काका. मी चेंडू बघत होते."

"मी पाय बघत होतो. आणि तरी माहीत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "जज्जसाहेबांना रात्री झोप कशी लागायची, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं."

संध्याकाळी मी वर गेले तेव्हा मृण्मयी काकूंना तो प्रसंग करून दाखवत होती. आधी स्वतःचं धावणं, मग आजोबांचं मुठी फिरवणं. काकू डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. काका पलंगावर बसून ऐकत होते, कुणी आपलंच कौतुक करतंय की टिंगल, हे न कळल्यासारखे.

"आजी, आय थिंक मी केलंच होतं ट्रॅव्हल," मृण्मयी म्हणाली. "मेबी. लेफ्ट फूट स्लिप झालेला."

काका एकदम पुढे सरकले. "म्हणजे मी बरोबर होतो?"

"नाही आजोबा. तुम्ही तर बोललात, माहीत नाही म्हणून."

"पण चूक होती नं?"

"मेबी बोलले मी."

जानेवारीच्या स्पर्धेत आमच्या मुली उपांत्य फेरीत सात गुणांनी हरल्या. त्या सामन्यात वादाची एकही शिट्टी नव्हती. समोरच्या मुली उंच होत्या आणि चांगल्या खेळल्या, एवढंच. काकांनी ते पत्रकही मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि कार्बनची प्रत किशोरला दिली. किशोर दर वेळी त्यांना रेफरीची परीक्षा द्या म्हणतो. काका नाही म्हणतात. पण पुस्तक वाचणं थांबलेलं नाही. आता त्यांना पडून घसरण्याचं कलम छळतंय.

परवा सकाळी मी दूध घ्यायला खाली गेले, तर पार्किंगमध्ये दोघं. शाळेच्या गणवेशात मृण्मयी चेंडू घेऊन, आणि काका समोर, हात मागे बांधून. ती सावकाश, एकेक पाऊल टाकून दाखवत होती. "हे बघा, इथे बॉल पकडला. हा झीरो. हा वन. आता बोला."

"थांब थांब. चेंडू पकडलास तेव्हा हा पाय टेकला होता की टेकत होता?"

ती थांबली. एक पाय हवेत, चेंडू छातीशी, आणि ती स्वतःच्याच पायाकडे बघायला लागली.

"टेकत होता म्हणजे?"

"म्हणजे टाच खाली, चवडा वर."

"असं पण असतं?"

"तेच तर मी विचारतोय."

दोघांनीही मान खाली घालून त्या बुटाकडे पाहिलं. गेटबाहेर शाळेची बस हॉर्न देत होती. मी दोनदा हाक मारली, तरी कुणी हललं नाही.